उपवासकाळातला नेम दुसऱ्याच आठवड्यात का मोडतो?

वाचकांचे प्रश्न

2027 मध्ये राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपवासकाळाचा पहिला दिवस, 10 फेब्रुवारीला आणि ईस्टर 28 मार्चला आहे. म्हणजे नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेची गडबड आणि उपवासकाळाची सुरुवात एकाच आठवड्यात येणार. कोणी काय सोडावे यापेक्षा या वेळी पत्रांत रोजच्या नेमाविषयीच जास्त विचारले आहे, म्हणून उत्तरेही तिथूनच सुरू करतो.

दर वर्षी मी ठरवते की रोज अर्धा तास बायबल वाचायचे, जपमाळ करायची, शिवाय संध्याकाळी प्रार्थना. पहिले आठ दिवस जमते, मग एक दिवस पाहुणे येतात आणि सगळे बंद पडते. दोष कुठे आहे?
*– एक गृहिणी, शरणपूर रोड*

ताई, पाहुण्यांना दोष देऊ नका. तुमचा नेमच मोठा आहे, आणि त्याला दिवसातली ठरलेली जागा नाही. ‘रोज अर्धा तास’ म्हणजे सकाळी की दुपारी, कोणत्या कामानंतर, कोणत्या खुर्चीत? हे ठरलेले नसेल तर तो अर्धा तास रोज नव्याने शोधावा लागतो. आठ दिवस उत्साह तो शोधून देतो, नवव्या दिवशी देत नाही.

नेम 20 मिनिटांचा करा. सकाळी 14, रात्री 6. सकाळचा भाग घरात रोज होणाऱ्या एखाद्या कामाला बांधा. मुलांची स्कूलबस गेली की, किंवा कुकर उतरवला की. घड्याळाला बांधलेला नेम सुट्टीच्या दिवशी सुटतो, कामाला बांधलेला सहसा सुटत नाही.

वाचायला मार्ककृत शुभवर्तमान घ्या. ते सर्वांत छोटे, 16 अध्यायांचे. पहिल्या 13 अध्यायांत 539 वचने आहेत. रविवार वगळले तर झावळ्यांच्या रविवारापर्यंत (ईस्टरच्या आधीचा रविवार) तुमच्या हातात 34 दिवस असतात, म्हणजे रोज साधारण 16 वचने. पवित्र आठवड्यातल्या सोमवार ते शनिवार या सहा दिवसांत 14 वा आणि 15 वा अध्याय, मिळून 119 वचने, रोज 20 च्या आत. सोळावा अध्याय ईस्टरच्या सकाळी. चारही शुभवर्तमाने वाचायचा हट्ट असेल तर अध्याय 89 आहेत आणि रविवार धरून दिवस 46, म्हणजे रोज दोन अध्याय. ते वाचन होते, मनन होत नाही. पहिल्यांदा करत असाल तर हा मोह टाळा.

आता ती 14 मिनिटे. ही चार पायऱ्यांची रीत बाराव्या शतकात एका कार्थुसियन मठवाशाने लिहून ठेवली: वाचन, मनन, प्रार्थना आणि मग नुसते देवापुढे बसणे. पहिली तीन मिनिटे उतारा मोठ्याने वाचा, पुटपुटत नव्हे. पुन्हा तीन मिनिटे तोच उतारा वाचा, आणि ज्या शब्दाशी अडखळाल तिथे थांबा. पाच मिनिटे तो एकच शब्द किंवा ते एकच वाक्य घोळवा: हे मला आज, या घरात, काय सांगते? पुढे दोन मिनिटे स्वतःच्या भाषेत बोला, पाठ केलेल्या प्रार्थना नकोत. शेवटचे मिनिट गप्प बसा. एक मिनिटही सुरुवातीला फार लांब वाटते.

तिसऱ्या पायरीला बहुतेक जण पोचत नाहीत, कारण मनन करता करता अर्थ शोधायला लागतात: हेरोद कुठला, गालील कुठे, तळटीप काय म्हणते. तो अभ्यास चांगला आहे, पण त्याला वेगळा वेळ द्या. दुसरी अडचण मोबाइलची. अ‍ॅपवर बायबल उघडले की वरून सोसायटीच्या ग्रुपचा निरोप उतरतो. छापील पुस्तक घ्या. त्यात खूण म्हणून गेल्या वर्षीच्या झावळीचे पाते ठेवले तरी चालेल.

मन भटकणारच. भटकले हे लक्षात आले की स्वतःवर न चिडता त्या शब्दाकडे परत या. चौदा मिनिटांत वीसदा परत यावे लागले तर वीसदा या. प्रार्थना वाया गेली असे समजू नका.

रात्रीची सहा मिनिटे आत्मपरीक्षणाला. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांच्या परंपरेतले पाच टप्पे सोपे आहेत: आज मिळालेल्या तीन गोष्टींबद्दल आभार, पाहण्यासाठी प्रकाश मागणे, सकाळपासून तासातासाने दिवस चाळणे, जिथे चुकले तिथे क्षमा मागणे, उद्याची एकच गोष्ट ठरवणे. लोक आभार गाळून थेट चुकांवर येतात. मग चार दिवसांत हा नेम नकोसा होतो, कारण रोज रात्री स्वतःला फटके मारून झोपायला कोणाला आवडेल?

राहिलेला दिवस भरून काढू नका. काल 16 वचने राहिली म्हणून आज 32 केलीत तर परवा 48 होतील, आणि मग पाहुणे न येताही नेम बंद पडेल. राहिले ते राहिले, आज आजचे वाचा. फारच टोचत असेल तर रविवारी एक राहिलेला उतारा घ्या, एकच. जपमाळ आवडत असेल तर ती बसमध्ये किंवा गंगेवर (गोदावरीच्या काठी) फिरायला जाताना करा. या 20 मिनिटांत ती कोंबू नका.

शेजारच्या वहिनी म्हणतात, उपवासच करायचा तर साबुदाण्याची खिचडी करा. ख्रिस्ती उपवासाला साबुदाणा चालतो का?
*– नाशिकरोड*

चालतो. पोळीही चालते, वरणभातही चालतो. आपल्याकडे ‘उपवासाचे पदार्थ’ अशी यादीच नाही. प्रश्न पदार्थाचा नसून किती खाल्ले याचा आहे. कॅथलिक नियमात उपवास म्हणजे दिवसभरात एकच पोटभर जेवण, आणि दोन वेळा थोडेसे खाणे. ते दोन्ही मिळून एका पूर्ण जेवणाइतके होऊ नये. हा उपवास राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे असा दोनच दिवस बंधनकारक आहे, वयाची 18 वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत. मांस वर्ज्य करण्याचा नियम वेगळा. तो वयाची 14 वर्षे पूर्ण झाल्यापासून पुढे, राखेच्या बुधवारी आणि शुक्रवारी. शुक्रवारबाबत तुमच्या धर्मप्रांताच्या सूचनाही पाहून घ्या. मासे, अंडी, दूध, तूप यांना आडकाठी नाही.

चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) या प्रोटेस्टंट चर्चमध्ये असे तास-वाट्यांचे मोजमाप नाही. काय आणि किती सोडायचे ते ज्याचे त्याने प्रार्थनापूर्वक ठरवावे.

वाटीभर कोरडा साबुदाणा, मूठभर दाण्याचे कूट आणि चमचाभर तूप मिळून सहज 600 कॅलरीच्या पुढे जाते. दोन ज्वारीच्या भाकऱ्या आणि पालेभाजी त्याहून हलकी. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्या शेजाऱ्यांनीच केली आहे, आपण ती खरी करायला नको. मटण टाळून शुक्रवारी पापलेट आणणे हेही तसेच: नियम पाळला जातो आणि खर्च वाढतो.

2027 मध्ये 19 मार्चला शुक्रवारच आहे आणि त्या दिवशी संत योसेफाचा महोत्सव (कॅथलिक चर्चमधला सर्वांत वरच्या दर्जाचा सण) आहे. महोत्सव शुक्रवारी आला तर त्या दिवशी मांसवर्जनाचे बंधन राहत नाही.

सातपूर एमआयडीसीत आठवड्याला पाळी बदलते. राखेच्या बुधवारी दुसरी पाळी आली तर उपवास कसा धरायचा? प्रार्थनेची वेळ तर ठरतच नाही.
*– एक कामगार, सातपूर*

दादा, उपवासाचा दिवस मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत. दुपारी तीन ते अकरा पाळी असेल तर पोटभर जेवण दुपारी एकच्या सुमारास, घरून निघण्याआधी करा. सकाळी चहाबरोबर एक पोळी, आणि सातच्या सुट्टीत कँटीनमध्ये अर्धी प्लेट उपमा किंवा दोन केळी. पाण्याने किंवा चहाने हा उपवास मोडत नाही, ताकानेही नाही, आणि पाणी तर प्यायलाच हवे. रात्रपाळी असेल तर पोटभर जेवण झोपून उठल्यावर, संध्याकाळी ठेवा. पाळी संपवून सकाळी घरी आल्यावर भरपेट जेवलात तर पुढचा दिवस निभावणे कठीण जाते.

भट्टीवर, फोर्जिंगला किंवा प्रेसवर उभे राहून काम असेल तर वेगळी गोष्ट. आजार, गरोदरपण, अंगावर पाजणारे मूल आणि अंगमेहनतीचे जड काम ही उपवासातून सूट मिळण्याची जुनी, मान्य कारणे आहेत. मशीनसमोर चक्कर येणे म्हणजे तपश्चर्या नव्हे. त्याऐवजी दुसरे काही सोडा, उदाहरणार्थ तंबाखू.

प्रार्थनेसाठी ताईंना सांगितले तेच, फक्त काम वेगळे निवडा. घरी येऊन बूट काढले की दहा मिनिटे. ते तुम्ही तिन्ही पाळ्यांत काढताच. रात्रपाळीच्या आठवड्यात वाचन निम्मे करा, कारण झोप अपुरी असताना मननाच्या पाच मिनिटांत डुलकी लागते. बसून झोप येत असेल तर उभ्याने वाचा.

मला मधुमेह आहे, सकाळी गोळी घेतो. गुड फ्रायडेला कडक उपवास करू का?
*– वय 56, देवळाली कॅम्प*

नको, काका. वयाने तुम्ही नियमात येता, पण प्रकृतीने नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण चुकवले तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करणे हाही उपाय नव्हे. घाम, थरथर, धडधड, बोलताना गोंधळ अशी लक्षणे दिसली किंवा साखर 70 च्या खाली गेली तर लगेच तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा, आणि साखर वर आली की नीट जेवा. दुपारी बारा ते तीनच्या उपासनेला बसणार असाल तर त्याआधी जेवून जा, खिशात साखर ठेवा आणि शेजारी बसणाऱ्याला सांगून ठेवा. मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) असेल त्या दिवशी ख्रिस्तशरीर (पवित्र भाकर) घेण्याआधी एक तास काही न खाण्याचा नियमही पाणी आणि औषधाने मोडत नाही, आणि आजाऱ्यांना तोही लागू नाही.

माहेर कॅथलिक, सासर सीएनआय. मला क्रुसाची वाट करायची असते, सासूबाई म्हणतात हे शास्त्रात नाही. एकत्र काही करता येईल का?
*– नवी सून, इंदिरानगर*

सासूबाईंचे म्हणणे काही अंशी बरोबर आहे. क्रुसाच्या वाटेत येशूच्या दुःखसहनाच्या चौदा प्रसंगांवर, म्हणजे स्थानांवर, थांबून प्रार्थना करतात. त्या चौदा स्थानांपैकी तिसरे, सातवे आणि नववे (तीनदा पडणे), चौथे (मातेची भेट) आणि सहावे (वेरोनिका) ही पाच शुभवर्तमानांत नाहीत. उरलेली नऊ आहेत. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1991 च्या गुड फ्रायडेला रोममध्ये चौदाही स्थाने बायबलमधून घेतलेली वाट वापरली. तिची सुरुवात गेथशेमाने बागेतून होते. ती घरी केलीत तर वादाचे कारण उरत नाही. स्थानाला दीड मिनिट धरा, 21 मिनिटांत होते. वाचणारे आळीपाळीने बदलावेत, नाहीतर सातव्या स्थानापर्यंत एकाच आवाजाला सगळे कंटाळतात.

याहून सोपी वाट म्हणजे वधस्तंभावरचे सात उद्गार. राखेच्या बुधवारानंतर गुड फ्रायडेपर्यंत शुक्रवार नेहमी सातच येतात. दर शुक्रवारी रात्री जेवणाआधी एक उद्गार घ्या, या क्रमाने: लूक 23:34, लूक 23:43, योहान 19:26-27, मार्क 15:34, योहान 19:28, योहान 19:30, लूक 23:46. वचन वाचा, दोन मिनिटे शांतता, एक गीत, प्रभूची प्रार्थना.

प्रभूच्या प्रार्थनेच्या शेवटी मात्र अडखळायला होईल. सासरचे लोक राज्य, पराक्रम आणि गौरव हे शब्द लगेच जोडतात, तुम्ही त्याआधीच ‘आमेन’ म्हणता. पहिल्या दिवशीच ठरवून घ्या. ते शब्द कॅथलिक मिस्सातही थोड्या अंतराने येतातच, तेव्हा घरी सासरच्या पद्धतीने म्हणायला हरकत नाही. ‘क्रूस’ म्हणायचे की ‘वधस्तंभ’ यावर वेळ घालवू नका.

सोडलेल्या गोष्टींचे पैसे वेगळे काढावेत का?
*– पंचवटी*

हो, आणि त्याच दिवशी. महिनाअखेरीस हिशेब करू म्हटले की ते पैसे घरखर्चात विरतात. सोडलेला चहा, न आणलेले मटण, बंद केलेले हॉटेल यांची रक्कम त्या संध्याकाळी डब्यात टाका. मुलांनाही डब्याचा आवाज कळतो. कोणाला द्यायचे हे पहिल्याच आठवड्यात ठरवा. फेब्रुवारी-मार्च हा आपल्याकडे द्राक्षांच्या तोडणीचा हंगाम, बाहेरगावची मजूर कुटुंबे याच दिवसांत बागांवर असतात. देताना फोटो नको. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात दान, प्रार्थना आणि उपवास तिन्ही गुप्तपणे करायला सांगितले आहे, आणि राखेच्या बुधवारी कॅथलिक मिस्सात हेच वाचन असते.

गेल्या वर्षीच्या झावळ्या घरी जाळून राख केली तर चालेल?
*– गंगापूर रोड*

झावळ्या चर्चमध्ये परत देणे उत्तम, तिथे सगळ्यांची एकत्र राख होते आणि राखेच्या बुधवारी तीच कपाळाला लावतात. तुमच्या फादरांनी किंवा पाळकसाहेबांनीच घरी करायला सांगितले असेल तर पाती आधी आठवडाभर कडक उन्हात वाळवा. ओलसर राहिली तर नुसता धूर होतो आणि अर्धवट जळलेले काळे तंतू उरतात. पत्र्याच्या डब्यात, अंगणात जाळा. पूर्ण थंड झाल्यावर कुटा आणि मलमलीतून चाळा. डबाभर पात्यांची राख जेमतेम दोन-तीन चमचे भरते, पण कपाळाला चिमूटभरच लागते. त्यात पाणी घालू नका. ओल्या राखेत क्षार उतरतो आणि कपाळाची कातडी भाजू शकते, लहान मुलांची तर लवकर. राख कोरडीच लावा, किंवा खोबरेल तेलाचा एखादा थेंब पुरे.