टॉरेंट सुरुवातीला जोरात चालतं, मग ‘स्टॉल्ड’ होऊन बसतं. एक तर ९८.४ टक्क्यांवरच अडकलंय. काय करू?

तुम्ही लिहिलंय की क्यूबिटटॉरेंटमध्ये (टॉरेंट, म्हणजे अनेकांकडून तुकड्यातुकड्यांनी येणारी फाइल, उतरवण्याचं सॉफ्टवेअर) डाउनलोड पहिली काही मिनिटं जोरात होतं, मग वेग घसरत जातो आणि ‘स्टॉल्ड’ (खोळंबलंय) दिसायला लागतं; त्याच वेळी ब्राउझरही रेंगाळतो. शिवाय एक टॉरेंट कित्येक दिवस ९८.४ टक्क्यांवरून हललेलं नाही. कनेक्शन १०० एमबीपीएसचं आहे, पोर्ट फॉरवर्ड केलंय (बाहेरून येणाऱ्या कनेक्शनसाठी राउटरमध्ये दार उघडलंय), कुठूनतरी मिळालेली ट्रॅकरची (कुठलं टॉरेंट कुणाकडे आहे ते सांगणाऱ्या सर्व्हरची) लांबलचक यादीही चिकटवून झाली.

हे दोन वेगळे त्रास आहेत आणि त्यांचा एकमेकांशी बहुधा काही संबंध नाही. ९८.४ वालं टॉरेंट तुमच्या कुठल्याही सेटिंगने हलेल असं वाटत नाही, कारण खोट तुमच्याकडे नसावीच. दुसरा त्रास मात्र तुमच्याच बाजूचा दिसतो, आणि ‘ब्राउझरही रेंगाळतो’ हे तुम्ही जाता जाता लिहिलेलं वाक्य तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात कामाचं आहे.

आधी अडकलेलं टॉरेंट. ते निवडून खालच्या ‘जनरल’ टॅबमध्ये ‘अव्हेलेबिलिटी’चा आकडा बघा. तुम्ही ज्यांच्याशी जोडलेले आहात त्या सगळ्यांकडचे तुकडे एकत्र केले तर फाइलच्या किती पूर्ण प्रती होतात, ते हा आकडा सांगतो. तो १ च्या खाली असेल, समजा ०.९८४, तर उरलेले तुकडे या घडीला तुमच्या ओळखीतल्या कुणाकडेच नाहीत. आता ‘पीअर्स’ (तेच टॉरेंट घेणारे-देणारे लोक) टॅब उघडा आणि बाकीच्यांची टक्केवारी वाचा. सगळे ९८.४ वरच थांबलेले दिसले तर शंकाच नको: शेवटचा सीडर (सगळी फाइल जवळ असलेला आणि ती इतरांना देणारा) पूर्ण प्रत कुणाला देण्याआधीच निघून गेला आणि मागे राहिलेल्यांनी आपापसात होतं नव्हतं ते सगळं वाटून घेतलं. सगळे एकाच आकड्यावर येऊन थांबतात याचं कारण बिटटॉरेंटची पद्धत. ज्या तुकड्याच्या प्रती कमी, तो आधी मागायचा, असा नियम असतो. म्हणून दुर्मीळ तुकडे पटापट पसरतात. पण मुळात जे आलेच नाहीत ते कुणाकडेच नसतात.

‘सीड्स’च्या रकान्यात ० (३) असं काही दिसत असेल तर त्या कंसाला भुलू नका. कंसाबाहेरचा आकडा प्रत्यक्ष जोडलेल्यांचा. कंसातला ट्रॅकरच्या सांगण्यावरचा, आणि ट्रॅकर पुष्कळदा शिळी बातमी देतो.

यावर उपाय थोडेच आहेत. टॉरेंट काढून न टाकता चालू ठेवा. पूर्ण प्रत असलेला एखादा जण रात्रीतून तासभर येतो आणि सगळ्यांचं काम होऊन जातं, असं मी पुष्कळदा पाहिलंय. ‘फोर्स रीचेक’ एकदा करून बघायला हरकत नाही, पण त्याने फक्त डिस्कवर जे आहे ते पुन्हा तपासलं जातं, नवं काही येत नाही. ‘कंटेंट’ टॅबमध्येही डोकावा. टॉरेंटमध्ये अनेक फाइली असतील तर तुम्हाला हवी असलेली कदाचित केव्हाच १०० टक्के झालेली असते, आणि अडकलेला तुकडा एखाद्या फुटकळ टेक्स्ट फाइलचा निघतो.

एक युक्ती फारशी कुणी वापरत नाही. तीच फाइल दुसऱ्या एखाद्या टॉरेंटमध्ये मिळते का ते शोधा. नाव वेगळं असलं तरी चालेल, आकार मात्र बाइटपर्यंत तोच हवा. मग तुमच्या अर्धवट फाइलची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये काढा, नवं टॉरेंट थांबवलेल्या स्थितीत जोडून त्या फोल्डरकडे वळवा, नावं जुळवा आणि रीचेक करा. फाइल खरोखर तीच असेल तर तपासणी ९८ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबते, आणि उरलेलं नव्या थव्यातून (त्या टॉरेंटवर जमलेल्या लोकांकडून) येतं. आकडा शून्य आला तर ती फाइल वेगळी. मूळ प्रत सुरक्षित आहेच. आणखी एक सोय म्हणजे वेब सीड. मूळ प्रकाशकाकडे तीच फाइल साध्या डाउनलोडसाठी ठेवलेली असेल तर तो पत्ता ‘एचटीटीपी सोर्सेस’ टॅबमध्ये घालता येतो. इंटरनेट आर्काइव्हची टॉरेंटं याच आधारावर एकही सीडर नसताना पूर्ण होतात.

टक्केवारी ९८.४ वरून थोडी चढून परत खाली येत असेल तर मात्र गोष्ट निराळी. प्रत्येक तुकडा आल्यावर त्याचा हॅश (डेटावरून काढलेली ओळखखूण) ताडला जातो, जुळला नाही की तो फेकून पुन्हा मागवला जातो. ‘वेस्टेड’चा आकडा वाढताना दिसला तर कुणीतरी खराब डेटा पाठवतंय, किंवा तुमच्याच मशीनमध्ये मेमरीची नाहीतर डिस्कची गडबड आहे.

आता तुमचा मुख्य त्रास. काहीही बदलण्याआधी एक चाचणी करा: उबंटू किंवा डेबियनचं (मोफत मिळणाऱ्या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम) ताज्या आवृत्तीचं अधिकृत टॉरेंट त्यांच्या साइटवरून घ्या आणि बाकी सगळं थांबवून ते एकटंच चालवा. त्यांना सीडर भरपूर असतात, त्यामुळे ‘समोरच देणारं कुणी नाही’ ही शक्यता निकालात निघते. तिथे वेग टिकला तर तुमची यंत्रणा ठणठणीत आहे, सेटिंगशी खेळणं थांबवा. तिथेही घसरला तर पुढचं वाचा. लोक ही पायरी गाळून थेट सेटिंगमध्ये घुसतात आणि मग दहा गोष्टी बदलल्यावर कशाने काय झालं ते कुणालाच कळत नाही. वेग वाचताना एवढं लक्षात ठेवा की सॉफ्टवेअर मेगाबाइटमध्ये सांगतं आणि कनेक्शन मेगाबिटमध्ये विकलं जातं. तुमच्या १०० एमबीपीएसचे कागदावर सेकंदाला १२.५ मेगाबाइट होतात, प्रत्यक्षात त्याहून थोडे कमी.

सुरुवातीला जोर, मग घसरण आणि सोबत ब्राउझरही लंगडा, या लक्षणावर माझा पहिला संशय अपलोडवर आहे. तुमच्याकडे डेटा आला की तो मिळाल्याची पोच तुमच्या मशीनला परत पाठवावी लागते. सुरुवातीला तुमच्याकडे देण्यासारखं काही नसतं, म्हणून अपलोडची वाट मोकळी असते. तुकडे जमले की लोक तुमच्याकडून घ्यायला लागतात, वाट भरते, आणि त्या छोट्या पोचपावत्या मोठ्या पाकिटांच्या मागे रांगेत अडकतात. पोच वेळेवर मिळाली नाही की समोरचा हात आखडता घेतो. ब्राउझरचंही तेच होतं. यावर उपाय म्हणजे अपलोडला मोजलेल्या वेगाच्या साधारण ८० टक्क्यांवर मर्यादा घालणं. स्पीडटेस्टमध्ये अपलोड २० एमबीपीएस आलं तर ते सेकंदाला २५०० केबी होतं. मर्यादा २००० ठेवा. यूटीपी नावाचा प्रोटोकॉल उशीर वाढला की आपणहून माघार घेण्यासाठीच बनवलेला आहे, पण सगळे पीअर यूटीपीवर नसतात, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका.

मर्यादा घाला म्हटलं की काही शहाणे ती १ केबीवर नेतात. ब्रॅम कोहेनने २००१ मध्ये बिटटॉरेंट आणलं तेव्हापासून त्याचा पाया देवाणघेवाणीचा आहे. प्रत्येक पीअर मोजक्याच लोकांना देतो, आणि कुणाला द्यायचं ते साधारण दर १० सेकंदांनी नव्याने ठरवतो. जो त्याला जास्त देतो त्याला पसंती. दर ३० सेकंदांनी एका नव्या गड्यालाही संधी मिळते, म्हणून काहीच न देणाऱ्यालाही थेंबथेंब मिळत राहतं, पण थेंबच. ‘पीअर्स’ टॅबमधल्या ‘फ्लॅग्ज’ रकान्यात स्मॉल डी दिसला तर अर्थ असा की तुम्हाला हवंय पण समोरचा देत नाहीये. कॅपिटल डी म्हणजे देतोय. सीडर पुष्कळ असतील तर कंजूषपणा खपून जातो, कारण त्यांना तुमच्याकडून काही नकोच असतं. कमी सीडर असलेल्या टॉरेंटवर तो लगेच भोवतो.

अपलोड आवरूनही ब्राउझर रेंगाळला तर राउटर. क्यूबिटटॉरेंट मुळात एकूण ५०० कनेक्शनची मुभा देतं, आणि डीएचटीची (ट्रॅकरशिवाय पीअर शोधण्याच्या सोयीची) वर्दळ वेगळीच. साध्या राउटरला प्रत्येक कनेक्शनची नोंद ठेवावी लागते, ती वही भरली की नवं काहीच उघडत नाही. राउटर बंद-चालू केल्यावर थोडा वेळ सगळं छान चालतं, ही त्याची खूण. ५०० चे २०० करा, दर टॉरेंटमागे ५० ठेवा. वेग यामुळे कमी होत नाही, कारण खरं देणारे मूठभरच असतात.

ब्राउझर नीट चालतोय आणि टॉरेंटच आचके देतंय, असं असेल तर डिस्ककडे बघा. यूएसबीवरची जुनी हार्ड डिस्क विखुरलेल्या तुकड्यांच्या लिखाणाने धापा टाकते. मेमरीतली जागा भरेपर्यंत वेग छान दिसतो, मग आलेख करवतीच्या दात्यांसारखा होतो. तीच चाचणी आतल्या एसएसडीवर करा, पाच मिनिटांत कळेल. (फॅट३२ वर ४ जीबीहून मोठी फाइल मावतच नाही, पण तिथे ‘स्टॉल्ड’ऐवजी एरर येते.)

पोर्ट फॉरवर्डबद्दल. राउटरच्या पानावर त्याचा बाहेरचा आयपी पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे, आणि तुमच्या राउटरवर उघडलेलं पोर्ट बाहेरून कुणालाच दिसत नाही. आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा इंटरनेट पत्ता) मिळत असेल तर ते चालू करा, नाहीतर कंपनीकडे सार्वजनिक पत्ता मागा. मोठ्या थव्यात याने फारसं बिघडत नाही, बाहेर जाणारी कनेक्शन पुरतात. दोन-तीनच सीडर असतील आणि तेही तुमच्यासारखेच बंद दाराआड असतील तर मात्र एकमेकांची गाठच पडत नाही.

व्हीपीएन (सगळी वर्दळ दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणारी सोय) वापरत असाल तर ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘नेटवर्क इंटरफेस’ कुठला निवडलाय ते तपासा. तो व्हीपीएनला बांधलेला असेल आणि व्हीपीएन तुटलं, तर सगळी टॉरेंटं एकदम गप्प होतात आणि खाली डीएचटी नोड्स ० दिसतात.

नेट देणारी कंपनीच टॉरेंट दाबते, हा आरोप मी शेवटी ठेवतो. असं घडलेलं आहे. २००७ मध्ये अमेरिकेत कॉमकास्ट खोटी रीसेट पॅकेट (‘कनेक्शन तोडा’ असे निरोप) घुसवून बिटटॉरेंटची कनेक्शनं तोडताना पकडली गेली होती आणि २००८ मध्ये तिथल्या एफसीसीने (दूरसंचार नियामकाने) तिच्याविरुद्ध आदेश काढला. पण सिद्ध करायचं तर तीच उबंटूची चाचणी त्याच मशीनवर दुसऱ्या कंपनीच्या कनेक्शनवरून करा. एन्क्रिप्शन ‘अलाव’वर असू द्या, ‘रिक्वायर’ केलंत तर ते न वापरणारे पीअर तुम्हीच गमावता.

ती ट्रॅकरची यादी काढून टाकलीत तरी चालेल. त्या टॉरेंटची ज्यांना खबरच नाही ते ट्रॅकर कुठून पीअर आणणार? टॉरेंट ‘प्रायव्हेट’ (एखाद्या साइटच्या सभासदांपुरतं) असेल तर बाहेरचे ट्रॅकर घालून काही मिळत नाहीच, वर त्या साइटचा नियमही मोडतो. जुन्या लेखांत ‘हाफ-ओपन कनेक्शन’ (जोडणी अजून पुरी न झालेली कनेक्शन) वाढवण्याचा पॅच सुचवलेला दिसेल; ती विंडोज एक्सपीच्या काळातली मर्यादा होती, आज त्या पॅचला हात लावू नका. आणि ‘क्यूड’ (रांगेत) दिसत असेल तर तो बिघाड नाहीच. मूळ सेटिंगमध्ये एका वेळी तीनच डाउनलोड चालतात, आणि तुमचं ९८.४ वालं त्यातली एक जागा अडवून बसलं असण्याची शक्यता आहे. ‘क्यू’च्या सेटिंगमध्ये मंद टॉरेंटं मोजू नयेत असा पर्याय आहे, तो चालू करा.

अपलोडची मर्यादा आणि कनेक्शनची संख्या एवढं बदलून उबंटूचं टॉरेंट अर्धा तास चालू द्या. तरीही घसरलं तर त्या वेळचा अपलोडचा वेग, डीएचटी नोड्सचा आकडा आणि फाइल कुठल्या डिस्कवर जातेय ते लिहा. अडकलेली फाइल कसली आहे ते मी विचारत नाही.