निगेटिव्ह टाका, पण आधी पैसे सोडवून घ्या

नमस्कार,

तुम्ही सगळं सविस्तर लिहिलंत ते बरं केलंत. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. तुम्ही ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या साइटवर लिलावात बोली लावून कॅमेऱ्याची एक जुनी लेन्स घेतली, लिस्टिंगमध्ये काच स्वच्छ आहे, फंगस नाही असं सरळ लिहिलेलं होतं, आणि लेन्स हातात आल्यावर टॉर्च मारून बघितली तर आतल्या काचेवर फंगसने जाळं धरलेलं. विक्रेता दुसऱ्या देशातला. आधी गोड बोलला, चौकशी करतो म्हणाला, बरेच दिवस गेले, मग म्हणाला निम्मे पैसे देतो पण निगेटिव्ह फीडबॅक, म्हणजे त्याच्या प्रोफाइलवर दिसणारा वाईट शेरा, टाकायचा नाही. तुम्ही भडकलात आणि लिहिलंत की पूर्ण रिफंड दे, वर मनस्तापाचे पैसे दे, नाहीतर तुझं प्रोफाइल खराब करून टाकतो. त्यावर त्याने अब्रूनुकसानीचा दावा लावीन अशी धमकी दिली. माल मिळून तीन आठवडे झालेत, आणि तुम्ही विचारताय निगेटिव्ह आत्ता टाकू, नंतर टाकू, की टाकूच नको.

टाका, पण आत्ता नको. आणि दाव्याला घाबरून तर अजिबात थांबू नका, थांबायचं ते वेगळ्या कारणासाठी.

तुमच्यापुढे दोन मुदती आहेत आणि तुम्ही त्यातल्या चुकीच्या मुदतीची काळजी करताय. फीडबॅक टाकायला ईबे साधारण ६० दिवस देतं, म्हणजे तिथे तुम्हाला भरपूर वेळ आहे. पण माल वर्णनाप्रमाणे नाही म्हणून मनी बॅक गॅरंटीखाली, म्हणजे ईबेच्या पैसे परत मिळण्याच्या हमीखाली, रिटर्न रिक्वेस्ट टाकायची मुदत डिलिव्हरीपासून ३० दिवस, आणि त्यातले तीन आठवडे या माणसाच्या गोड बोलण्यात गेले. असे विक्रेते मुद्दामच वेळ काढतात असं मी म्हणणार नाही, काही जण खरंच ढिले असतात, पण परिणाम एकच होतो, मुदत संपते आणि मग तुमच्या हातात फक्त निगेटिव्हची एक लाल खूण उरते आणि पैसे त्याच्याकडे. तेव्हा हे वाचून झालं की आधी ती रिक्वेस्ट टाका, फोटोसकट. लिस्टिंगमध्ये रिटर्न घेत नाही असं लिहिलेलं असलं तरी माल वर्णनाशी जुळत नसेल तर रिक्वेस्ट टाकता येते, आणि अशा वेळी परत पाठवायचा खर्चही विक्रेत्याच्या माथी असतो. त्याला उत्तर द्यायला कामाचे तीन दिवस मिळतात, त्यात तो हलला नाही तर ईबेला मध्ये पडायला सांगा. फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर वगैरे बोलायचं तर आता पूर्ण बंद, जे काय ते ईबेच्या मेसेजमध्येच, कारण तिथलंच त्यांना दिसतं.

कार्डाने पैसे भरलेत म्हणून बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डावरून गेलेले पैसे परत, मागू का असंही तुम्ही विचारलंय. मागता येतो, पण दोन्ही एकदम सुरू करू नका, बँकेचा वाद चालू झाला की ईबे आपली गॅरंटी बाजूला ठेवतं. आधी ईबे, तिथे काही झालं नाही तर बँक, फक्त बँकेची मुदत काय आहे ते आजच विचारून ठेवा.

आता तुम्ही पाठवलेला तो चिडका मेसेज. तो मला आवडला नाही, स्पष्टच सांगते. पूर्ण रिफंड मागणं तुमचा हक्क, त्यात काही चूक नाही, पण वर मनस्तापाचे पैसे आणि ते दिले नाहीत तर निगेटिव्ह, हे झालं फीडबॅकचा वापर करून पैसे काढणं. ईबेच्या नियमात याला मनाई आहे, मूळ व्यवहारात नव्हतं असं काही फीडबॅकची भीती घालून मागायचं नाही. गंमत म्हणजे विक्रेत्यालाही तोच नियम लागू आहे, रिफंड देतो पण फीडबॅक टाकू नको ही अट त्यालाही घालता येत नाही, म्हणजे तुम्ही दोघांनी मिळून एकाच नियमाची वाट लावली! त्याचा मेसेज जपून ठेवा, ईबेला दाखवायला उपयोगी आहे. तुमचाही डिलीट करू नका, तो त्याच्याकडे आहेच, उगाच लपवल्यासारखं दिसेल. त्याऐवजी आज एक साधा मेसेज टाका की मला फक्त वर्णनाप्रमाणे माल नसल्याबद्दलचा पूर्ण रिफंड हवाय, जास्तीचं काही नको, आणि फीडबॅकचा याच्याशी संबंध नाही. बस, एवढंच, त्यात टोमणा नको.

यामागे माझं कारण कायद्याचं आहे. आपल्याकडे फौजदारी अब्रूनुकसानी पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ आणि ५०० मध्ये होती, १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आली. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि आता समाजसेवेचाही पर्याय आहे. ऐकायला भीतीदायक वाटतं, पण हा दखलपात्र गुन्हा नाही, म्हणजे कुणी तक्रार केली आणि पोलीस दारात आले असं होत नाही, ज्याला तक्रार आहे त्याने मॅजिस्ट्रेटकडे जायचं असतं. आणि याच कलमात अपवाद दिलेत. एक, गोष्ट खरी असेल आणि ती लोकांच्या भल्यासाठी सांगितलेली असेल तर. दुसरा अपवाद तुमच्या जास्त कामाचा, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हिताच्या रक्षणासाठी सद्भावनेने केलेलं विधान. पुढच्या खरेदीदाराला सावध करणं यात चांगलं बसतं. पण बघा, सद्भावना. 'पैसे दे नाहीतर तुझं प्रोफाइल खराब करतो' असं लिहिलेल्या माणसाच्या सद्भावनेवर समोरचा वकील पहिला हात घालणार, मी त्याच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. म्हणून पैशाचा विषय आधी मिटवा, मग फीडबॅक टाका, म्हणजे त्या दोन गोष्टींमधला धागाच तुटतो. तेव्हा तुमच्याकडे मिळवायचं काही उरलेलं नसतं, फक्त सांगायचं असतं.

दिवाणी दाव्यात तर खरं असणं हाच पूर्ण बचाव आहे. पण खरं असलं की दावा होतच नाही असं मात्र समजू नका. अमेरिकेत ओहायोमध्ये २०१३ साली एका विक्रेता कंपनीने ईबेवरच्या ग्राहक बाईंवर दावा लावला, कशासाठी, तर पार्सल आलं तेव्हा टपालाचे थोडे पैसे वसूल केले गेले आणि बाईंनी नेमकं तेवढंच निगेटिव्ह फीडबॅकमध्ये लिहिलं. खरं होतं, तरी दावा! मग बाहेर बभ्रा झाला, लोकांनी कंपनीला धारेवर धरलं आणि दावा मागे घेतला गेला. म्हणजे बाजू बरोबर असूनही काही काळ डोक्याला ताप होतोच, तो किती झेलायची तयारी आहे हे तुमचं तुम्ही ठरवा. तुमच्या बाबतीत विक्रेता परदेशात बसलाय, त्याला एकतर इथे येऊन तक्रार करावी लागेल, नाहीतर तिकडे निकाल मिळवून तो इथे अंमलात आणायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ च्या कसोट्या पार कराव्या लागतील. एका लेन्ससाठी कोणी एवढं करेल असं मला वाटत नाही. धमकीची एक ओळ टाइप करायला मात्र काहीच खर्च येत नाही.

तो एवढा का घाबरलाय तेही समजून घ्या. ईबेवर टक्केवारी गेल्या १२ महिन्यांच्या पॉझिटिव्ह आणि निगेटिव्हवरून निघते, न्यूट्रल त्यात धरत नाहीत. छोटा विक्रेता असेल, वर्षभरात ३९ पॉझिटिव्ह आणि तुमचा एक निगेटिव्ह, तर तो थेट ९७.५ टक्क्यांवर येतो, आणि तिथे बहुतेक जण ९९ च्या पुढे असतात म्हणून ९७.५ लगेच डोळ्यात भरतं. शिवाय २००८ पासून विक्रेत्याला खरेदीदाराला निगेटिव्ह देताच येत नाही. त्याआधी एकमेकांवर सूड उगवायचा धंदाच चालायचा, तू मला लाल दिलंस, घे तुलाही लाल, आणि त्या भीतीने लोक गप्प बसायचे. आता ती भीती नाही म्हणून तुमच्या हातात ताकद जास्त आहे, आणि माझं मत असं की म्हणूनच ती जरा सांभाळून वापरायची. कुरिअर उशिरा आलं, पेटीचा कोपरा दबला, किंवा लिस्टिंगमध्ये खाली लिहिलं होतं आणि आपण बोलीच्या घाईत वाचलं नाही, यासाठी निगेटिव्ह देऊ नये. न्यूट्रल द्या किंवा काहीच देऊ नका.

याच मुद्द्यावर तुम्हाला एक काम सांगते. लिस्टिंग पुन्हा उघडा आणि तळापर्यंत वाचा. 'आहे त्या स्थितीत' किंवा 'सुट्या भागांसाठी' असं कुठे लिहिलंय का, एखाद्या फोटोत ते फंगस दिसतंय का. जुन्या लेन्सच्या लिस्टिंगमध्ये वर मोठ्या अक्षरात काच स्वच्छ आणि खाली बारीक अक्षरात 'वयानुसार खुणा असू शकतात' असं असतं बऱ्याचदा. असं काही सापडलं तर तुमची केस पडली असं नाही, पण फंगस म्हणजे वयाची खूण का यावर वाद होणार. लिस्टिंगचे स्क्रीनशॉट आजच घ्या, ते पान कायम राहत नाही. पार्सल उघडतानाचे फोटो मूळ फोनमध्येच राहू द्या, क्रॉप करून, एडिट करून ठेवू नका. उद्या गरज पडली तर इलेक्ट्रॉनिक पुरावा म्हणून द्यायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५ब ची जागा त्याने घेतली, आणि मूळ फाइल असली की ते काम सोपं जातं.

आता मजकूर. तुम्ही लिहून ठेवलेला मसुदा असा: 'चोर आहे, फ्रॉड, खराब माल लपवून विकतो, कोणीही घेऊ नका.' यातला एकही शब्द मी ठेवणार नाही. फ्रॉड म्हणजे त्याला माहीत होतं आणि त्याने मुद्दाम फसवलं, हे तुम्ही सिद्ध कसं करणार? कदाचित त्याने टॉर्च मारून बघितलंच नसेल. लपवून विकतो म्हणजे हा त्याचा नेहमीचा धंदा, आणि तुम्ही तर एकच लेन्स घेतलीत. त्याऐवजी असं लिहा: 'लिस्टिंगमध्ये फंगस नाही असं लिहिलं होतं, आतल्या काचेवर फंगस निघालं. कळवल्यावर निगेटिव्ह न टाकण्याच्या अटीवर निम्मा रिफंड देऊ केला.' दोन्ही वाक्यांना तुमच्याकडे कागद आहे. शिवाय खरं सांगू का, वाचणाऱ्यालाही हेच जास्त पटतं, शिव्या वाचून लोक म्हणतात हाच माणूस भांडखोर असेल. शिवीगाळ किंवा विक्रेत्याचं नाव-पत्ता-फोन टाकलात तर ईबे कमेंट उडवूही शकतं, मग एवढी मेहनत वाया.

मत मांडायला मात्र जागा आहे, अगदी कडक मत असलं तरी. जर्मनीत एका खरेदीदाराने ईबेवर लिहिलं होतं की माल चांगला पण पाठवायचा खर्च म्हणजे निव्वळ लूट, आणि तो खर्च होता ४.९० युरो. विक्रेता कोर्टात गेला, खालच्या कोर्टात जिंकलाही, पण २८ सप्टेंबर २०२२ ला तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने सांगितलं की हे मत आहे, अतिशयोक्त असेल, अन्याय्य वाटेल, पण ते मालाच्या व्यवहाराबद्दल आहे, नुसतं माणसाला बदनाम करण्यासाठी नाही, त्यामुळे काढायची गरज नाही. हा निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही अर्थातच, पण फरक कुठे आहे हे त्यातून छान कळतं. 'मला ही वागणूक अजिबात आवडली नाही' हे मत. 'हा चोर आहे' हे माणसावर केलेलं आरोपपत्र.

निम्म्या पैशांची ऑफर घ्यायची का? माझ्या मते नाही, कारण क्लेममध्ये पूर्ण मिळायची शक्यता चांगली आहे आणि पार्शल रिफंड एकदा स्वीकारला की वाद सहसा तिथेच मिटतो. पण तुम्हाला ती लेन्स ठेवायचीच असेल, साफ करून घेऊ म्हणत असाल, तर घ्या बिनधास्त, फक्त फीडबॅक टाकणार नाही असा शब्द देऊ नका. अट काढून टाक म्हणावं, मग घेतो. शब्द देऊन, पैसे घेऊन मग निगेटिव्ह टाकलात तर नियम कुणाच्याही बाजूने असो, चॅटमध्ये तुम्हीच वाईट दिसता. अमेरिकेत २०१६ पासून कायदाच आहे की छापील कराराच्या अटींमध्ये ग्राहकाच्या प्रामाणिक रिव्ह्यूला बंदी घालता येत नाही, पण दोघांनी आपसात बोलून केलेली तडजोड ही वेगळी गोष्ट असते, तिथे हे कवच मिळेलच असं धरून चालू नका.

आणि समजा रिफंड पूर्ण आला, तोही विनातक्रार, तर? मग निगेटिव्ह द्यायचा का हा कायद्याचा प्रश्न राहत नाही. मी असते तर त्याने माफी मागून लगेच पैसे दिले असते तर न्यूट्रल दिला असता. इथे त्याने अट घातली, वर धमकी दिली, तर मी निगेटिव्हच देईन, आणि कमेंटमध्ये रिफंड मिळाला हेही प्रामाणिकपणे लिहीन. अर्धीच गोष्ट सांगितली तर ती खरी असूनही फसवी होते, आणि तो खाली उत्तर देऊन 'पैसे तर दिले होते' म्हणेलच. पुढे त्याने फीडबॅक बदलायची रिक्वेस्ट पाठवली तर बदलायची सक्ती नाही, तुमची मर्जी.

ग्राहक आयोगाचं विचारलंत, मुदत दोन वर्षांची आहे आणि तक्रार तुम्ही राहता तिथेही करता येते, पण विक्रेता परदेशातली एकटीदुकटी व्यक्ती असेल तर नोटीस बजावण्यातच जीव जाईल. शिवाय घरातली जुनी वस्तू क्वचित विकणाऱ्या व्यक्तीला २०२० चे ई-कॉमर्स नियम लागूच होत नाहीत, नियमित धंदा करणाऱ्याला होतात. ईबे आणि बँक दोन्हीकडे हात टेकले तरच तिकडे बघू.

शेवटचं, मित्रालाही त्याच्याकडून काहीतरी स्वस्तातलं घ्यायला लावून दुसरा निगेटिव्ह टाकतो म्हणालात, ते चुकूनही करू नका. तिथे खोटा व्यवहार आला, सद्भावना संपली, आणि मग त्याच्या वकिलाला खरंच काहीतरी सापडेल. खरीखुरी वकिलाची नोटीस आली, म्हणजे नाव, सही, तारीख असलेली, तर स्वतः उत्तर न देता मला पाठवा, चॅटमधल्या धमकीला उत्तर द्यायची गरज नाही. रिटर्न रिक्वेस्टचा नंबर मिळाला की कळवा.