पाचशे तास शिकेन हो, पण हात टिकतील का?

प्रश्न विचारणाऱ्या ताई टेक्सासमध्ये डॅलसच्या परिसरात राहतात. वय ४३, मूळच्या सांगलीकडच्या, एम.कॉम. लग्नाआधी बँकेत नोकरी, मग नवऱ्याच्या व्हिसामागोमाग अमेरिका आणि पुढची सगळी वर्षं घर. ग्रीन कार्ड हाती आलं तोवर मुलं मोठी झाली होती. पुन्हा आकड्यांत डोकं घालायची इच्छा नव्हती, मसाज थेरपिस्टचं लायसन्स घ्यायचं मनात होतं. त्यासाठी टेक्सासमध्ये पाचशे तासांचं शिक्षण लागतं. शाळा बघून ठेवली होती. फॉर्मवर सही तेवढी होत नव्हती.

"माझी चण बारीक. जास्तीची कणीक मळली तरी उजव्या अंगठ्याच्या बुडाशी कळ येते. दहावीनंतर शास्त्राचं पुस्तक उघडलेलं नाही. एवढे पैसे भरायचे, पाचशे तास घालवायचे, आणि दोन वर्षांत हातच गेले तर?"

पस्तिशीनंतर या कामाकडे वळणाऱ्या बहुतेक जणी थोड्याफार फरकाने हेच विचारतात. सोबत एक दुसरं वाक्यही असतं, सासरच्या कुणीतरी फोनवर टाकलेलं: "एम.कॉम. होऊन मालीश करणार?" त्यावर आम्ही फार वेळ घालवत नाही. काम सुरू झालं आणि खात्यावर पैसे दिसू लागले की ते वाक्य आपोआप विरतं. अंगठ्याची कळ मात्र विरत नाही.

म्हणून पहिला सल्ला शाळेचा नव्हता, डॉक्टरांचा होता. अंगठ्याच्या बुडाशी दुखणं दोन वेगळ्या कारणांनी असू शकतं. तिथल्या सांध्याची झीज हे एक, आणि मनगटाच्या कडेने जाणाऱ्या स्नायुबंधांच्या आवरणाला आलेली सूज हे दुसरं. दुसरं असेल तर पट्टा, विश्रांती आणि व्यायामाने बऱ्याचदा आटोक्यात येतं. पहिलं असेल तरी हा व्यवसाय बंद होत नाही, पण अंगठा कामातून जवळजवळ वगळूनच शिकावं लागतं, आणि हे प्रवेशाआधी कळलेलं बरं. ताईंच्या बाबतीत सूज निघाली. आम्ही त्यांना एक तुकडी सोडून पुढच्या तुकडीत जायला सांगितलं. त्यांना ते आवडलं नव्हतं.

आता ताकदीचा मुद्दा. मसाज दंडाच्या जोरावर करायचा असतो हा समज आपल्याकडे पैलवानी मालिशीतून आला असावा. प्रत्यक्षात दाब देतं ते शरीराचं वजन. त्यासाठी टेबलाची उंची बरोबर हवी. टेबलाशेजारी सरळ उभं राहून हात सैल सोडले तर खोल दाबाच्या कामासाठी मिटलेल्या मुठीची हाडं टेबलाच्या पृष्ठभागाला टेकावीत. आडवा झालेला माणूस जाडजूड असेल किंवा कुशीवर असेल तर टेबल आणखी खाली घ्यायचं. टेबल उंच राहिलं की खांदे कानाशी जातात, कोपर वाकतं आणि सगळा भार मनगट-अंगठ्यावर येतो. टेबल फार खाली गेलं की कंबर धरते.

हात लांबवर सरकवत नेण्याच्या हालचालीसाठी एक पाय पुढे, एक मागे, आणि मागच्या टाचेतून वजन पुढे सोडायचं. खांदा, कोपर, मनगट एका रेषेत; कोपर सरळ, पण ताठ अडकवलेलं नाही. तळव्याने दाबताना मनगट पूर्ण काटकोनात मागे वळू द्यायचं नाही. पाठीच्या आणि मांडीच्या मोठ्या स्नायूंवर अंगठा वापरायचाच नाही. तिथे पुढचा हात, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतचा मांसल भाग, किंवा सैल मूठ. अंगठा फक्त जागा शोधायला आणि थोडा वेळ नेमकं दाबायला.

एवढं सगळं समजूनही दुसऱ्या महिन्यात ताईंचा अंगठा पुन्हा दुखू लागला. कारण साधं होतं. वर्गात विद्यार्थी जोडीने सराव करतात, आणि त्यांची जोडीदार उंच होती. तिने लावलेल्या उंचीवरच ताई काम करत होत्या, कारण टेबलाचे पाय काढून खुंट्या बदलायला तीन-चार मिनिटं जात आणि मध्येच वर्ग थांबवायचा संकोच वाटे. पाळी बदलली की उंची बदलायचीच, जोडीदार खोळंबली तरी, हे शिक्षिकेने सगळ्यांसमोर ठरवून दिलं. तेव्हापासून दुखणं मागे पडलं.

शाळा निवडताना म्हणूनच भिंतीवरच्या फोटोंपेक्षा काही गोष्टी विचाराव्यात. टेबलं चटकन वर-खाली होणारी आहेत का? पुढच्या हाताने काम करायला कितव्या आठवड्यात शिकवतात? शिक्षक सरावाच्या वेळी उभं राहण्याची पद्धत दुरुस्त करतात, की फक्त हातांकडे बघतात? आणि शाळेचं स्वतःचं लायसन्स चालू आहे का, हे राज्याच्या संकेतस्थळावर तपासावं. टेक्सासमध्ये हे खातं म्हणजे डिपार्टमेंट ऑफ लायसेन्सिंग अँड रेग्युलेशन, सगळे त्याला टीडीएलआर म्हणतात.

पाचशे तास ऐकायला डोंगर वाटतात, पण त्यांची वाटणी बघितली की भीतीचं स्वरूप बदलतं. २०० तास तंत्र आणि सिद्धांत, त्यातले किमान १२५ स्वीडिश मसाजचे, म्हणजे पाश्चात्य पद्धतीच्या मूळ मालिशीचे. शरीररचना ५०, शरीरक्रिया २५, स्नायू-सांध्यांच्या हालचालींचं शास्त्र ५०, रोगविज्ञान ४०. पाण्याचे आणि शेकाचे उपचार २०. कायदे, व्यवसाय आणि नीतिनियम ४५. आरोग्य, स्वच्छता, प्रथमोपचार आणि सीपीआर (हृदय बंद पडल्यास छाती दाबून जीव वाचवण्याची पद्धत) २०. शेवटी ५० तासांची इंटर्नशिप, खऱ्या ग्राहकांवर, देखरेखीखाली. शिकायला बसण्याआधी विद्यार्थी परवाना काढावा लागतो. आठवड्याला २० तासांच्या दिवसा-वर्गात हे २५ आठवड्यांत होतं. संध्याकाळी तीन दिवस चार-चार तास केले तर ४२ आठवडे. ताईंनी संध्याकाळ निवडली, आणि हातांच्या दृष्टीने ते चांगलंच झालं. मधल्या रिकाम्या दिवसांत हात सावरतात.

ताईंकडे महाराष्ट्रातल्या एका केंद्राचं पंधरा दिवसांच्या अभ्यंग वर्गाचं प्रमाणपत्र होतं. ते चालेल का? चालणार नाही, असंच आम्ही सांगितलं. आपल्याकडे मसाज करणाऱ्याला राज्याचं लायसन्स लागत नाही, त्यामुळे अशा वर्गांच्या कागदावर विषयवार तास नसतात, आणि इथे मोजले जातात ते विषयवार तासच.

शास्त्र येत नाही या धास्तीने ताईंनी वेगळीच चूक केली. पहिले तीन महिने त्यांनी हाडांची आणि स्नायूंची नावं पाठ करण्यात घालवले. वह्या सुंदर होत्या. पण लायसन्ससाठी द्यावी लागणारी परीक्षा, एमब्लेक्स, तशी नाही. राज्यांच्या मसाज मंडळांचा जो महासंघ आहे तो ती घेतो. १०० बहुपर्यायी प्रश्न, ११० मिनिटं, संगणकावर. तुमच्या उत्तरावरून पुढच्या प्रश्नाची काठिण्यपातळी ठरते, म्हणून मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही. यात शरीररचना आणि शरीरक्रिया मिळून ११ टक्के. हालचालींचं शास्त्र १२. सगळ्यात जास्त वजन आहे ग्राहकाची तपासणी आणि उपचाराची आखणी या भागाला, १७ टक्के. नीतिनियम आणि कायदे १६. तंत्रांचे परिणाम १५, व्यवसायाचे नियम १५, आणि कुठे हात लावायचा नाही, कुठे जपायचं, हा भाग १४.

म्हणजे परीक्षा विचारते: समोरच्या बाईची एकच पोटरी सुजली आहे, गरम आहे, लाल आहे, दाबलं की दुखतं. तुम्ही काय कराल? पोटरीच्या स्नायूचं नाव आठवून उपयोग नाही. ही खोल शिरेतली रक्ताची गुठळी असू शकते; चोळल्याने सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतेल. मसाज नाही, ताबडतोब डॉक्टर. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खोल दाब नाही. ताप असेल तर त्या दिवशी नाही. मानेच्या पुढचा त्रिकोण, काख, कोपराची आणि गुडघ्यामागची खोबण, जांघ, इथे रक्तवाहिन्या आणि नसा वरवर असतात, तिथे दाब नाही.

आम्ही ताईंना वह्या बाजूला ठेवून रोज एका काल्पनिक ग्राहकाची टिपणी लिहायला लावली, चार भागांत: तो काय सांगतो, मला काय दिसतं आणि हाताला काय लागतं, त्यावरून माझा अंदाज काय, आज काय करणार आणि पुढे काय. अंदाज म्हणजे निदान नव्हे. "डाव्या खांद्याचा वरचा स्नायू आखडलेला" असं लिहायचं, "स्पाँडिलायटिस" असं नाही. बँकेत वर्षानुवर्षं कर्जाचे अर्ज तपासलेल्या बाईला ही शिस्त अंगची होती. कागद अपुरा असेल तर पुढे जायचं नाही, हे तिला शिकवावं लागत नाही. ताई पहिल्या प्रयत्नात पास झाल्या. नापास झालं तर ३० दिवस थांबून पुन्हा फी भरावी लागते, म्हणून घाई करू नये. टेक्सासमध्ये याखेरीज राज्याच्या कायद्यावर एक वेगळी परीक्षा असते आणि बोटांचे ठसे घेऊन पार्श्वभूमी तपासतात.

दोन गोष्टी इतर वाचकांसाठी. एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, शिकता येतं, पण कामाची परवानगी ही निराळी बाब आहे. लायसन्स मिळालं म्हणजे ती मिळाली असं नाही, आणि इंटर्नशिपचे तास त्या व्हिसावर कसे बसतात हे प्रवेशाआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारावं. दुसरं, नवऱ्याची बदली होण्यासारखी असेल तर ५०० तास सगळीकडे पुरत नाहीत. न्यूयॉर्कला १००० लागतात. राज्याराज्यांत चालणाऱ्या सामायिक लायसन्सचा जो करार आकाराला येतो आहे, त्यात ६२५ तासांची किंवा समतुल्य शिक्षणाची अट आहे. शाळेत जास्त तासांचा पर्याय असेल तर तो आधीच घ्यावा.

लायसन्सनंतर हात टिकवणं हा वेळापत्रकाचा भाग. ताईंना आम्ही पहिले सहा महिने दिवसाला तीनच ग्राहक घ्यायला सांगितले, दोन ग्राहकांत किमान पंधरा मिनिटं, आणि खोल दाबाची दोन कामं लागोपाठ नाहीत. नोकरी देणारे पाच-सहा मागतात. मुलाखतीतच आकडा सांगितला तर बहुतेक ठिकाणी अर्धवेळ मान्य होतं, रुजू झाल्यावर कमी करायला गेलं की कुरबुर होते.

सर्वांत जास्त वेळ मात्र आमचा गेला तो ताईंनी जाता जाता विचारलेल्या एका गोष्टीवर. ओळखीतल्या दोन मराठी मुली बाळंत व्हायच्या होत्या. आई भारतातून येणार, पण मालीशवाली बाई कुठून आणणार? ताई तेव्हा शिकतच होत्या. "मी करून देऊ का? पैसे नको, साडी दिली तर घेईन."

नाही. लायसन्सशिवाय मोबदला घेऊन मसाज करणं टेक्सासमध्ये बेकायदा आहे, आणि साडीला मोबदला म्हणणं अवघड नाही. पण कायदा बाजूला ठेवला तरी बाळंतीण हा नवशिक्याचा ग्राहक नव्हे. बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे पायातल्या शिरांत गुठळी होण्याचा धोका नेहमीपेक्षा बराच जास्त असतो, सिझेरियन झालं असेल तर आणखी. आपल्या पद्धतीत नेमकी याच दिवसांत पोटऱ्या आणि मांड्या जोर लावून रगडतात. सिझेरियनच्या टाक्यांवर आणि त्यांच्या आसपास डॉक्टरांनी मोकळीक देईपर्यंत हात लावायचा नाही. पालथं झोपवलं की भरलेल्या स्तनांवर दाब येतो, म्हणून कुशीवर, गुडघ्यांत उशी देऊन. पायांवर फक्त हलका हात, तोही दोन्ही पोटऱ्या बघून आणि विचारपूस करून.

ताईंना लायसन्स मिळाल्यावर त्यांनी व्यावसायिक विमा काढला आणि हेच काम रीतसर घेतलं. पहिल्या भेटीत सल्लामसलतीचा कागद: कोणतं तंत्र, शरीराचे कोणते भाग, अंग झाकलेलं राहील, नको वाटलं तर कधीही थांबवता येईल, स्तनांना लेखी संमतीशिवाय हात नाही, आणि खाली सही. हा कागद टेक्सासच्या नियमांतच आहे. भारतातून आलेल्या आयांना सही म्हटलं की आधी हसू येतं. त्यांना ताई एवढंच विचारतात की मुलीच्या पायाला सूज आहे का, दोन्ही पायांना की एकाच, आणि डॉक्टरांकडे शेवटचं कधी दाखवलं. एकाच पायाला असं उत्तर आलं, तर त्या दिवशी तेलाची बाटली उघडत नाही.