बायपासनंतर बाबांच्या छातीतून दुधासारखं पाणी निघालं, तो पू आहे का?

पांढरं म्हणजे पूच, असं आमच्या तालुक्याच्या डॉक्टरलाही आधी वाटलं होतं. पण तुमच्या बाबांना ताप नाही, पाण्याला वास नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या बाबांचंही तसंच होतं. त्या पाण्यातलं ट्रायग्लिसराइड, म्हणजे चरबी, तपासायला सांगा. डेसिलिटरला ११० मिलिग्रॅमच्या वर आलं, तर बहुधा तो कायलोथोरॅक्स. म्हणजे जेवणातलं तेल-तूप आतड्यातून रक्तात नेणारा रस छातीत गळतोय.

बायपाससाठी छातीच्या आतली डावी धमनी सोडवून घेतात. ती जिथून निघते त्याच्या जवळच, मानेच्या बुडाशी, ही रसाची नळी शिरेत उघडते. तिला किंवा तिच्या फांदीला इजा झाली की रस फुप्फुसाभोवती साचतो. क्वचितच होतं, म्हणून पटकन कोणाच्या ध्यानात येत नाही.

बाबांना नागपूरला नेलं, छातीत नळी टाकली. खरा उपचार मात्र ताटात होता. तेल, तूप, साय, शेंगदाणे, जवसाची चटणी, सगळं बंद. बाबा म्हणाले, "मंग खाऊ काय, माती?" आठव्या दिवशी बाटलीतलं पाणी निवळलं. नवव्या दिवशी पुन्हा दुधाळ! सिस्टरनं विचारलं, काय खाल्लं? आई खाली पाहत बसली. डब्यातल्या वरणाला तिनं फोडणी दिली होती, सोबत शेंगदाण्याचा ठेचा. "निरं फिकं वरण कसं देऊ माणसाले?"

आणि नुसतं निवळलं म्हणून हुरळू नका. पोट रिकामं असलं की हा रस तसाही पांढरा दिसत नाही. रोज किती मिली निघतं, ते लिहून ठेवा.

एमसीटी नावाचं तेल मिळतं, ते या रसाच्या नळीवाटे न जाता थेट यकृताकडे जातं. महाग आहे, पण त्याऐवजी खोबरेल चालत नाही, आम्ही विचारलं होतं. रसाबरोबर प्रथिनं आणि पांढऱ्या पेशीही वाहून जातात, माणूस खंगतो. म्हणून अंड्याचा पांढरा भाग, डाळ, साय काढलेल्या दुधाचं ताक.

बाबांच्या छातीत टाकलेली नळी सतराव्या दिवशी निघाली. नाहीच थांबलं, तर रस कमी करणारी ऑक्ट्रिओटाइडची इंजेक्शनं देतात, शेवटी ऑपरेशन करून ती रसाची नळी बांधतात. तुमच्याकडे दर वेळी सुईनं पाणी काढून घरी पाठवत असतील, तर बायपास केलेल्या सर्जनलाच गाठा.