पायावरच गोळी मारायची सक्ती केली तर मृत्यू कमी होतील का?

२३ सप्टेंबर २०२४ ला मुंब्रा बायपासवर पोलीस व्हॅनमध्ये बदलापूरच्या शाळेतल्या मुलींवरच्या अत्याचार प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गोळीने मारला गेला. आरोपीने पिस्तूल हिसकावलं, असं पोलिसांचं म्हणणं. त्यावरून तुम्ही पायावर गोळी मारण्याच्या सक्तीबद्दल विचारलंय. तिने फारसा फरक पडणार नाही. झटापटीत हलणारा पाय टिपणं अवघड, आणि जांघेतली धमनी फुटली तर काही मिनिटांत रक्तस्रावानेच माणूस जातो. बंद गाडीत हुकलेली गोळी पत्र्यावरून उसळते ती वेगळीच.

जीव वाचतो तो गाडी तुरुंगातून, इथे तळोजा कारागृहातून, निघण्याआधी. आरोपीला खेटून बसणाऱ्याकडे शस्त्र नकोच. शस्त्रधारी जाळीपलीकडे, हात पोहोचणार नाही इतक्या अंतरावर. पिस्तूल बटण लावलेल्या होल्स्टरमध्ये, दोरीने पट्ट्याला अडकवलेलं, चेंबरमध्ये गोळी नाही. गाडीत चालू कॅमेरा. सरसकट बेड्या मला मान्य नाहीत, पण खून-बलात्कारासारख्या गुन्ह्यांत अटक करताना किंवा न्यायालयात हजर करताना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम ४३(३) त्यांना परवानगी देतं. बेडी घातली की काढली, कुणी आणि का, हे स्टेशन डायरीत लिहिलेलं हवं.

गोळी चाललीच, तर पुढचे काही तास महत्त्वाचे. बरोबर दहा वर्षं आधी, २३ सप्टेंबर २०१४ ला, सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या १९९५ ते ९७ च्या चकमकींच्या खटल्यात १६ सूचना दिल्या. तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या पोलीस ठाण्याकडे, देखरेख करणारा अधिकारी चकमक करणाऱ्या पथकाच्या प्रमुखापेक्षा किमान एक दर्जा वरचा, शस्त्रं जमा, जिल्हा रुग्णालयात दोन डॉक्टरांकडून शवविच्छेदन, त्याचं चित्रीकरण, दंडाधिकारी चौकशी. शौर्य निर्विवाद सिद्ध होईपर्यंत क्रम डावलून बढती किंवा शौर्याचं तातडीचं बक्षीस नाही, ही सूचना मला सगळ्यात मोलाची वाटते. बक्षिसाची आशाच संपते.

घोळ होतो तो पुराव्यात. हात पुसले, धुतले की बारुदाचे कण जातात, म्हणून नमुना आधी घ्यायचा आणि तोवर हातांना कागदी पिशव्या बांधायच्या. प्लास्टिकच्या नकोत, आत ओल धरते. बदलापूर प्रकरणात पिस्तुलावर मृताच्या बोटांचे ठसे नव्हते, हा मुद्दा दंडाधिकारी अहवालात आला आणि त्या अहवालाने पाच पोलिसांना जबाबदार धरलं.

नातेवाइकांनी पहिल्याच दिवशी सीसीटीव्ही जपून ठेवण्याचा लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. पोलीस ठाण्यातलं चित्रीकरण १८ महिने ठेवण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २०२० चा आहे, पण रस्त्यावरच्या दुकानांचं काही दिवसांतच पुसलं जातं. वरच्या सूचना पाळल्या नाहीत असं दिसलं, तर घटनास्थळावर अधिकार असलेल्या सत्र न्यायाधीशांकडे, म्हणजे या घटनेत ठाणे शहरातल्या सत्र न्यायालयात, तक्रार करता येते.