पहिल्यांदाच ग्रुपसोबत बसणार असशील तर
भावा, आधी पिच्चर मग बियर, उलटं करू नको. आमचा एकजण दोन बाटल्या मारून थेटरात आला आणि टायटल संपायच्या आत घोरायला लागला, मागचे लोक शिव्या घालूलाले ते वेगळंच. रिकाम्या पोटी तर अजिबात नको, आधी ऑम्लेट-पाव हाण, शेंगा मसाला नंतर. कॉन्ट्री पहिलीच गोळा कर, बिल आलं की सगळ्यांचं यूपीआय बंद पडतंय. गाडी चालवणाऱ्याला फक्त लिंबू सोडा, पिऊन चालवताना पहिल्यांदा सापडलास तरी १०,००० दंड नायतर ६ महिन्यांपर्यंत जेल, कधी दोन्ही. आणि गोव्याची स्वस्त बाटली परमिटशिवाय डिकीत घालून चोर्ला घाटातनं बेळगावला आणायचा शहाणपणा नको, वाटेत कणकुंबीला चेकिंग असतंय. कुंदा (आपली बेळगावची दुधाची मिठाई) मात्र दुकान बंद व्हायच्या आधी घेऊन ठेव, हातात पुडकं दिसलं की आई जास्त विचारत नाही.