वाचक विचारतात: उभ्या धानात ड्रोननं लाखोळी फेकली तर चालेल का?

प्रश्न : आमच्याकडे धान कापायच्या आधी बांधीत (बांध घातलेल्या धानाच्या शेतात) लाखोळी (लाखेची डाळ) आणि जवस हातानं फेकायची जुनी पद्धत आहे. आता मजूर मिळत नाही. अमेरिकेत ड्रोननं उभ्या मक्यात बियाणं टाकतात असा व्हिडिओ पाहिला. आमच्या गावच्या बचतगटाच्या ताईंकडे फवारणीचा ड्रोन आहे, त्यानं हे जमेल का?
– एक शेतकरी, ता. लाखांदूर, जि. भंडारा

उत्तर : जमेल दादा, पण आधी ताईंना एक विचारून घ्या, ड्रोनला दाणेदार वस्तू फेकायचा वेगळा डबा आहे का? कारण फवारणीच्या टाकीतून बी पडत नाही, खाली फिरती चकती असलेला डबा लागतो आणि बऱ्याच ठिकाणी तो घेतलेलाच नसतो.

डबा असला तरी हिशोब बघा. उतेऱ्यात, म्हणजे उभ्या धानात बी फेकायच्या या पद्धतीत, लाखोळी एकरी साधारण 30 किलो टाकतात, नेहमीच्या पेरणीपेक्षा जास्त, कारण बी मातीत गाडलं जात नाही, थोडं पाखरं खातात, थोडं वाया जातं. आपल्याकडचे बहुतेक ड्रोन 10 लिटरवाले, त्यात सात-आठ किलो लाखोळी बसते, म्हणजे एकराला चार वेळा खाली उतरवून भरायचं आणि मधे बॅटऱ्या बदलायच्या. दोन एकरासाठी एवढा खटाटोप मला तरी पटत नाही, सराईत माणूस हातानं तेवढं आरामात फेकतो. पण शेजारपाजारचे मिळून चाळीस-पन्नास एकर होत असेल तर मात्र नक्की करा, कारण इथे खरी अडचण ओलीची आहे, ओल चार दिवस असते आणि त्या चार दिवसांत सगळ्यांनाच मजूर पाहिजे असतो. जवसाला बी कमी लागतं त्यामुळे फेऱ्याही कमी, सुरुवात त्याच्यापासून केली तरी चालेल.

वेळ म्हणजे कापणीच्या 15-20 दिवस आधी. बांधीतलं पाणी काढून टाका. पाय ठेवला की ठसा उमटला पाहिजे पण ठशात पाणी साचायला नको, साचलं तर बी सडतं, आणि ठसाच उमटत नसेल तर तुम्ही उशीर केलाय, मग ड्रोन आणा नाहीतर विमान, उगवण होणार नाही. हातानं फेकताना काही जण बी रात्रभर भिजवतात, ड्रोनला तसं चालत नाही, ओलं बी डब्यात चिकटतं. रायझोबियम (मुळांना नत्र मिळवून देणारं जिवाणू खत) लावलं तर सावलीत पूर्ण सुकवूनच भरा.

आधी रस्त्यावर ताडपत्री अंथरून त्याच उंचीवरून, त्याच वेगानं एक फेरी मारून बघा. एका चौरस फुटात लाखोळीचे दहाच्या आसपास दाणे पडले की सेटिंग बरोबर. वारा असेल तर थांबा. आणि ड्रोन फार खाली आणू नका, लोंबी भरलेलं धान पंख्याच्या वाऱ्यानं लोळतं आणि मग उतेरा राहिला बाजूला, हातचं धान जातं.

अजून एक, कापणी हार्वेस्टरनं करणार असाल तर ओल्या बांधीत चाकाखाली आलेले कोंब गेलेच समजा, जमलं तर उतेऱ्याच्या बांध्या विळ्यानं कापा. मोकाट गुरांचंही गावात आधीच बोलून ठेवा. लाखोळीचं बी घेताना ‘प्रतीक’ किंवा ‘रतन’ जात घ्या, लाखोळीच्या दाण्यात जे विषारी द्रव्य असतं ते यांत कमी असतं, घरच्या डाळीसाठी हे महत्त्वाचं आहे.

प्रश्न : अमेरिकेतल्यासारखी राय (गव्हासारखं एक धान्य, मोहरी नव्हे) आमच्या उभ्या मक्यात टाकू का?
– एक वाचक, जि. जळगाव

उत्तर : नको. तिकडे अमेरिकेत आयोवा राज्यासारख्या भागात मका-सोयाबीन निघालं की ऑक्टोबरपासून पार वसंतापर्यंत रान उघडं पडतं, त्या काळात जमिनीतलं नायट्रेट (नत्र) वाहून मिसिसिपी नदीत आणि पुढे मेक्सिकोच्या आखातात जातं, ते अडवायला उभ्या पिकाची पानं पिवळी पडताना राय टाकतात. राय थंडीत तग धरते म्हणून तिकडे ती चालते. तुम्ही मक्यानंतर हरभरा किंवा गहू घेताच, रान उघडं राहतच नाही. शिवाय काळ्या मातीचा वरचा थर सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उन्हात दोन दिवसांत सुकतो, वर पडलेलं बी मुंग्या नेतात. हिरवळीचं खत हवं असेल तर रिकाम्या रानात पावसाच्या सुरुवातीला ताग पेरा आणि फुलावर येताच गाडा.

प्रश्न : ड्रोन मीच शिकून उडवला तर?
– वाचक, जि. गोंदिया

उत्तर : शिका, पण 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे शेतीच्या या ड्रोनसाठी पायलटचं प्रमाणपत्र लागतं, ते मान्यताप्राप्त संस्थेतूनच घ्या. घरात कुणी बचतगटात असेल तर नमो ड्रोन दीदी योजनेत गटाला 80 टक्के, जास्तीत जास्त 8 लाखांपर्यंत मदत आहे, अर्ज करतानाच बियाणं फेकायच्या डब्याचं विचारा.